झाडावरची गोगलगाय, जिल्हा लातूर

किस्से जमवायला कुणी बसत नाही. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होतो. रोज टेबल पुसायचं, बरण्या पुसायच्या, आणि पुसता पुसता काहीतरी चुकायचं. चुका लॅबमध्येच राहिल्या, किस्से तेवढे माझ्यासोबत घरी आले.

शाळेत मी गेलो नाही. मराठी अक्षरं लावून लावून वाचतो. इंग्रजी दिसलं की नुसतं पुसतो. पुढचं बरंचसं त्यातूनच झालं.

* * *

लातूर नवीन जिल्हा झाला ते दिवस. पाऊस नाही, कॉलेजात एक दिवसाआड टँकर. अशात आमच्या मॅडमनी दक्षिण अमेरिकेतून पार्सल मागवलं. चाळीस डब्या, सगळ्यांत गोगलगायीचे शंख. तिकडं ही गोगलगाय झाडावर राहते म्हणे.

मी म्हणालो, "मॅडम, हितं माणसाला पाणी न्हाई, अन् तुम्ही बाहेरून पाहुणे आणायलात."

"मामा, मेलेल्या आहेत. यांना घागर लागत नाही."

मग त्यांनी समजावलं. पुस्तकांत या गोगलगायीच्या दोन जाती दिलेल्या, दोन नावं. डोंगरातली बुटकी, तपकिरी पट्ट्यांची. सखल भागातली लांबट, पांढरी. मॅडमचं म्हणणं, जात एकच. सहा वर्षं त्यांनी त्यात घातली होती. परीक्षकाला पटून त्यानं सही केली तर पीएचडी, नाही तर सहा वर्षं वाया.

* * *

कुठला शंख कुठं सापडला ते कळावं म्हणून मॅडमनी भिंतीवर नकाशा लावून त्यात टाचण्या टोचल्या. मला त्या फार वेड्यावाकड्या दिसायच्या. एका शनिवारी सगळ्या काढल्या, नकाशा पुसला, आणि परत लावल्या. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

विभागप्रमुख सर आले. बराच वेळ बघत राहिले. "मामा, यातल्या सात तर समुद्रात आहेत. ही गोगलगाय पोहायला कधी शिकली?"

मी म्हणालो, "सर, मोकळी जागा तिथंच होती."

मॅडमना त्या टाचण्या वहीत बघून परत लावायला आठवडा लागला. त्या आठवड्यात चहा मीच पाजला.

* * *

औशाच्या रस्त्याला एका बांधावरून मॅडमनी आपल्याकडच्या गोगलगायीही आणल्या. दुष्काळात त्या शंखाचं तोंड बंद करून महिनोन्महिने झोपतात, ते पोरांना दाखवायला. मला काही त्यांचं झोपणं बघवेना. वाटलं, तहानेनं निजल्यात बिचाऱ्या. माझ्या प्यायच्या तांब्यातलं पाणी शिंपडलं.

सकाळी डबा रिकामा, आणि सगळ्या नोटीस बोर्डावर. गोगलगायीला कागद आवडतो हे मला कोण सांगणार? सरांची नोटीस होती, पाणी जपून वापरा. त्यातलं 'जपून' तेवढं खाल्लं होतं.

* * *

मग जिल्ह्याचा किस्सा. आधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात. ऑफिसातून छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला, 'जिल्हा लातूर'. जिथं जुना पत्ता असेल तिथं चिकटवा म्हणाले. मी कामात हयगय करत नाही. कपाटावर चिकटवली, सापाच्या बरणीवर चिकटवली, आणि मॅडमच्या चाळीसही डब्यांवर, इंग्रजीत गावाचं नाव लिहिलं होतं त्याच्यावरच.

मॅडमनी डबी उचलली आणि मटकन स्टुलावर बसल्या. सर म्हणाले, "मामा, एवढा मोठा जिल्हा सांभाळणार कोण?"

चार दिवस आम्ही दोघं ओला बोळा घेऊन चिठ्ठ्या काढत होतो. खालची शाई पक्की होती म्हणून वाचलो.

* * *

परीक्षक नांदेडहून आले. सफारी, खिशात लोखंडी पट्टी. मॅडमचं सगळं ऐकलं आणि मान हलवली, नाही अशी. म्हणाले, शिकलेल्या माणसाला जे पाहिजे तेच दिसतं. काहीच न शिकलेला कुणी आहे का?

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कुणालाही विचार करावा लागला नाही.

शंखांच्या आत बारीक आकडे होते, त्यामुळं मिसळले तरी चालत होतं. परीक्षकांनी सगळ्या डब्या एका ट्रेमध्ये ओतल्या. म्हणाले, दोन ढीग करा, इमानानं.

मी बसलो. बुटका तपकिरी डावीकडं, लांबट पांढरा उजवीकडं. भराभर होऊ लागलं. मॅडमचा चेहरा उतरला. मुद्दाम चुकावं वाटलं, पण इमानानं म्हणाले होते.

मग एक बुटका निघाला, पण पांढरा. तो मधे ठेवला. मग एक लांबट, फिकट पट्ट्यांचा. तो त्याच्या शेजारी. घाई मला कधी जमलीच नाही. दोन तास गेले, चहा गार झाला, लांब टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं.

"साहेब," मी म्हणालो, "ढीग काही होईनात. ज्याला त्याला शेजारी सापडायलाय. कुठं तोडू, तुम्हीच दाखवा."

परीक्षकांनी पट्टी काढली. दोन शंखांच्या मधे ठेवली. वाकून पाहिलं, उचलली. जरा पुढं ठेवली. परत उचलली. असं करत करत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचले.

पट्टी खिशात घातली आणि मॅडमना म्हणाले, "बाई, पेन द्या."