मॅचनंतरचे टाके

फुटबॉलचा सीझन सुरू झाला की आमच्या अपघात विभागात कापूस आणि बँडेज जादा मागवून ठेवावं लागायचं. तसा कुणाचा लेखी हुकूम नव्हता, पण कोल्हापुरात नोकरी करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला ते ठाऊक होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी उचगावहून केएमटीच्या बसनं यायची आणि बहुतेक दुपारपाळी करायची. मॅच सुटली की सहाच्या सुमाराला पहिली रिक्षा दारात लागायची आणि डोक्याला रुमाल दाबून धरलेली दोन-तीन पोरं उतरायची.

ही पोरं जास्त करून एकाच पेठेतल्या, स्वतःचे फुटबॉल संघ असलेल्या दोन तालमींची असायची. दोन्ही तालमींच्या मधे एक रस्ता, बाकी शाळा एक, मंडई एक. टाके डॉक्टर घालायचे, मी डोकं धरायची. जखमेभोवतीचे केस कापताना पोरगं कळवळत नसे, भांडत असे. "सिस्टर, त्यो गोल ऑफसाइड हुता की. तुम्हीच सांगा." मी म्हणायची, "मान हलवू नकोस, नाहीतर कानाला टाका पडेल." पलीकडच्या खाटेवरचा दुसऱ्या तालमीचा पोरगा तेवढ्यात ओरडायचा, "ऑफसाइड न्हवता सिस्टर, खोटं बोलतोय त्यो." धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांनाही सारखंच दुखायचं. आम्ही हसायचो. खरं सांगते, मला ती पोरं आवडायची. दगडानं फुटलेली डोकी आठवड्यात भरून यायची आणि पुढच्या मॅचला तीच पोरं पुन्हा गॅलरीत दिसायची.

मग एका सीझनला गुप्ती आली.

एका तालमीचा गोलकीपर एकोणीस वर्षांचा होता. वडील नव्हते, आई मंडईत भाजी विकायची. मॅच संपल्यावर घराकडं वळताना गल्लीच्या तोंडाशीच त्याच्या पोटात वार झाला. ऑपरेशनला नेताना मी ट्रॉलीबरोबर चालत होते. त्यानं माझं मनगट धरलं होतं. "सिस्टर, आईला एवढ्यात सांगू नका. माल तसाच टाकून पळत येईल ती."

त्याला आत सोडून मी परत आले, तर खिडकीतून आवार दिसलं. लिंबाच्या झाडाखाली त्याच्या तालमीची तीस-चाळीस पोरं जमली होती. कुणी रडत होतं, कुणी कुणाला तरी शिव्या घालत होतं, आणि एकजण हळू आवाजात सांगत होता, कुणी कुठून शिरायचं ते. मी ऐकलं आणि कामाला लागले. हे आपलं काम नाही असं मला वाटलं. दीड तासानं दुसऱ्या तालमीच्या गल्लीतली दोन पोरं आमच्याकडं आली. त्यांतला एक तर क्लासवरून घरी चालला होता. त्यानं मॅच पाहिलीही नव्हती. पाठीवरचं दप्तर फाटलं होतं आणि त्याचा उजवा हात पुढं कधी नीट सरळ झाला नाही.

ते दप्तर मला कित्येक दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिलं. पुढची मारामारी आमच्याच आवारात, आमच्या खिडकीखाली ठरते आणि आम्ही ट्रे घेऊन इकडून तिकडं जात असतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या तालमीचे वस्ताद गोलकीपरला बघायला आले. साठीपुढचे, मोडलेल्या कानांचे गृहस्थ. पिशवीत डाळिंबं होती. गोलकीपरची आई खाटेशी बसली होती. ती उठली नाही.

"वार तुमच्या पोरानं केला, आन् डाळिंबं घिऊन येताय व्हय?"

वस्ताद उभेच राहिले. "त्याला मीच चौकीत न्हेऊन बसवलाय, आक्का. माझ्या हातानं. पोलीस भरतीची तयारी करत हुता, रोज पहाटं मीच पळवत हुतो त्याला. आता कसली भरती."

बाईनं पायानं स्टूल पुढं सारलं. "बसा."

ते निघाले तेव्हा मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागं गेले आणि झाडाखालचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या कानावर येतंय तवा सगळं हून गेलेलं असतंय, सिस्टर. तुम्हाला पयलं कळतंय. मग आम्हाला कळवायला काय हरकत हाय?"

तिथून सुरुवात झाली. एका रविवारी सकाळी पेठेतल्या शाळेच्या वर्गात आम्ही पाचजण बसलो. दोन्ही तालमींचे वस्ताद, त्या भागाचे फौजदार, गोलकीपरची आई आणि मी. पहिलीतल्या मुलांच्या बाकांवर ते दोन पैलवान गुडघे छातीशी घेऊन बसले होते. फौजदार आधी नाराज होते. "हे पोलिसांचं काम आहे, सिस्टर. तुम्ही दवाखाना बघा." त्यावर गोलकीपरची आई म्हणाली, "तुमी येताय ते रगात पडल्यावर, सायेब. त्याच्या आदीचं कुणाचं काम?" फौजदारांनी टोपी काढून शेजारी ठेवली. त्यानंतर ते नीट बोलू लागले.

ठरलं ते साधंच होतं. मॅचनंतर कुणी जखमी आला, की मी दोन्ही तालमींना फोन करायचा. एका तालमीला शेजारच्या दूध डेअरीत फोन होता, दुसरीला पिठाच्या गिरणीत. दोन्ही वस्तादांनी लगेच दवाखान्यात येऊन लिंबाखालच्या बाकावर बसायचं आणि गर्दी पांगेपर्यंत हलायचं नाही. फौजदारांनी साध्या कपड्यातला एक हवालदार फाटकाशी ठेवायचा, आत पाठवायचा नाही. स्टेडियमवरून दोन्ही गट वेगवेगळ्या दारांनी सोडायचे. आणि आई म्हणाली, मीही येणार. ती कशाला, असं कुणी विचारलं नाही.

पुढच्या सीझनला सेमीफायनलनंतर गोलकीपरच्या तालमीचा एक पोरगा कपाळ फुटून आला. मी फोन केले. झाडाखाली गर्दी वाढत होती. दोन्ही वस्ताद आले आणि बाकावर बसले. गर्दीतला एकजण चालू मोटरसायकलवरूनच दुसऱ्या तालमीच्या वस्तादांना म्हणाला, "तुमी कशाला आलाय हितं? जावा, आमचं आमी बघतो." वस्ताद बाकावरून हलले नाहीत. गर्दी त्यांच्याजवळ सरकायला लागली. फाटकातला हवालदार चुळबुळ करत होता.

तेवढ्यात गोलकीपर आणि त्याची आई रिक्षातून उतरली. पोटाच्या ऑपरेशननंतर त्याचा खेळ सुटला होता. तो गर्दीतून वाट काढत त्या गाडीवाल्यापाशी गेला.

"माझ्यासाठी गेलतासा न्हवं, गेल्या साली? मी तीन आठवडं वर वॉर्डात पडून हुतो. तुमच्यातला एक तरी आलता व्हय बघायला?"

ते खरंच होतं. बदला घ्यायला गेलेली पोरं पोलिसांच्या भीतीनं गावोगावी पाहुण्यांकडं लपली होती. त्याच्या उशाशी आई होती, आणि दुसऱ्या तालमीचे वस्ताद.

"जायाचं आसंल तर जावा," तो म्हणाला. "पर कुणीतरी थांबा हितं. त्याला रातच्याला पाणी द्यायला माणूस लागतंय."

गाडीवाल्यानं गाडी बंद केली. काही वेळानं दोघं चहा आणायला गेले, काहीजण घरी गेले. मी खिडकीत ट्रे धरून उभी होते. मग टाक्यांसाठी आत वळले.

मारामाऱ्या त्यानंतर थांबल्या असं नाही. डोकी फुटतच राहिली, पण आमच्या विभागात त्या पेठेतला पोटावरचा वार पुन्हा आला नाही. फौजदारांची बदली चंदगडला झाली, तरी मॅचच्या दिवशी तिकडून त्यांचा फोन यायचाच, "किती टाके, सिस्टर?" सगळीच पोरं हाताला लागली नाहीत. एकजण जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांच्या मागं फिरू लागला. तो पेठ सोडून गेला, आणि जेव्हा जखमी अवस्थेत आमच्याकडं आणला तेव्हा कुणाला फोन करायचा हे मला कळेना. तो वाचला नाही. त्याचा ऑफसाइडवरचा वाद मला अजून ऐकू येतो.

वार करणाऱ्याची केस बरीच वर्षं चालली. सजा भोगून आल्यावर तो कागलच्या एमआयडीसीत कामाला लागला. गोलकीपर भाजीचा टेम्पो चालवतो आणि रविवारी लहान पोरांना गोलमधे उभं करतो. दोघं मित्र झाले असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मंडईत समोरासमोर आले तर मान हलवतात, एवढंच.

दोन हजार सालानंतर पोरांच्या हातात मोबाइल आले. माझा फोन लागायच्या आधीच सगळ्यांना सगळं कळायला लागलं. पण डाळिंबं घेऊन आलेल्या त्या वस्तादांनाही पोरांनी एक मोबाइल घेऊन दिला होता आणि ते तो कमरेच्या पंच्यात खोचून फिरायचे.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी ते न्यूमोनियानं आमच्याकडं भरती झाले. त्यांच्याजवळ बसायला दोन्ही तालमींच्या पोरांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी त्यांच्या तालमीचा, दुपारी पलीकडच्या तालमीचा. एका दुपारी वॉर्डात गेले, तर ज्याच्या कपाळावर जुनी खूण होती तो पोरगा, आता दोन लेकरांचा बाप, वस्तादांना चमच्यानं पेज भरवत होता आणि वस्ताद त्याला पेजेत मीठ कमी असल्याचं सांगत होते. दोन आठवड्यांनी ते बरे होऊन चालत घरी गेले.