वाचावं पालकांनी, करावं पोट्ट्यांनी

बारापात्रे मॅडम गेल्याचा निरोप पाचवीच्या पालकांच्या ग्रुपवर मीच टाकला, धंतोलीच्या दवाखान्याबाहेर उभं राहून. मग एका आईचं उत्तर आलं, ‘वाचलं.’ मागोमाग दुसरीचं, ‘वाचलं.’ मग रांगच लागली... आधी मी चिडले आणि मग तिथेच रडता रडता हसू आलं. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? सवय मॅडमनीच लावलेली. वर्गात दिलेलं काम त्या रोज संध्याकाळी ग्रुपवर लिहीत आणि खाली बजावत, ‘वाचलं की कळवा. करू नका. करतील पोट्टे.’

आमचे वर्ग शेजारशेजारी. माझ्या वर्गात शांतता आणि त्यांच्या वर्गात दिवसभर बाजार भरलेला. कुणी जमिनीवर, कुणी खिडकीत, कुणी थेट माळीबुवांकडे चौकशीला गेलेलं. मुलांनी काही विचारलं की म्हणायच्या, “मले माहीत असलं तरी मी काहून सांगू? शोधा ना!”

मागच्या वर्षी त्यांनी काम दिलं, ‘आपल्या नळाला पाणी कुठून येतं, ते शोधून वर्गाला दाखवा.’ गजाननभाऊंनी ग्रुपवर सगळ्यांत आधी ‘वाचलं’ लिहिलं आणि लगेच कामाला लागले. इतवारी बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. दोन दिवसांनी हातगाडीवरून शाळेत जे आलं, ते बघायला शिपायांसकट सगळे जमले. तांब्याच्या हंड्याचा तलाव, पितळी घागरीची टाकी आणि तिला खराखुरा नळ. मागून त्यांची लेक ईश्वरी, रिकाम्या हातांनी.

“ईश्वरी, नळासाठी हे भोक कसं पाडलं वं?” मॅडमनी विचारलं.

“बाबाले विचारा,” ती म्हणाली.

“मग बाबाच सांगतील. या भाऊ, फळ्याजवळ या.”

भाऊ खुशीत उभे राहिले. पहिल्याच मुलानं विचारलं, “काका, खालच्या तलावातलं पाणी वरच्या टाकीत चढते कसं?” भाऊंनी हंड्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, शेवटी छताकडे पाहिलं. तेवढ्यात नळ गळायला लागला.

“काकाले येत नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आता कोण शोधते?”

भाऊ तडक हेडसरांकडे. “ह्या बाई शिकवतच नाहीत! पोट्ट्यांनीच शिकायचं तर फी काहून घेता?” आणखी काही पालक त्यांना जाऊन मिळाले. पाचवी मॅडमकडून काढून घ्यायची, इथवर गोष्ट आली. त्या दिवसांत मधल्या सुट्टीत मॅडमचा डबा तसाच परत जायचा. मी म्हटलं, “दोन दिवस फळ्यावर उत्तरं लिहून द्या नं!” त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

शेवटी पालकांची सभा बोलावली, तिथे हेडसरांनी ईश्वरीलाच उभं केलं. वर्गातल्या पोरांबरोबर ती वस्तीच्या पाण्याच्या टाकीच्या चौकीदाराला भेटून आली होती. पंप, उंची, पाण्याचा जोर, सगळं तिनं घडाघडा सांगितलं आणि शेवटी बापाकडे वळली. “म्हणून आपल्या तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नाही, बाबा. टाकीच तेवढी उंच नाही. तुम्ही उगाच प्लंबरले शिव्या देऊन राहिले.”

सभा हसून लोळली. भाऊंच्या चेहऱ्यावर राग आणि कौतुक यांची कुस्ती चाललेली.

“मग, तक्रार मागे घेता?” हेडसर म्हणाले.

“घेतो. पण नवीन लिहून घ्या, सर. आता हे पोट्टी घरी मलेच गृहपाठ देते!”

पाचवी मॅडमकडेच राहिली. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा डबा संपवून माझ्याही डब्यात हात घातला.

...आणि यंदा दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या, ते उठल्याच नाहीत.

त्यांचा वर्ग मला मिळाला. नवी पाचवी, पण चार महिने त्यांच्या हाताखालून गेलेली. या रडणाऱ्या पोरांना सावरायचं कसं, याची तयारी करून मी पहिल्या दिवशी सकाळी आत गेले. कुणी मान वर केली नाही. चार-चार जण डोकी एकत्र करून कामात बुडालेले. एक मुलगी उठून आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा नं. अडलं तर विचारतो आम्ही.”

मी खुर्ची शोधली. ती फळ्याजवळ नव्हती. मॅडमनी ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला लावून ठेवलेली होती. तिथे जाऊन बसले. समोर नुसत्या पाठी, वेण्या आणि वाकलेली डोकी. तास संपेपर्यंत मला कुणीही काही विचारलं नाही.