सासूबाई दुपारी कुठे जातात?

सासूबाई तीस वर्षं कपडे शिवत होत्या. एकदा त्यांच्या हातून एका नवरीचा झगा चार बोटं तोकडा कापला गेला, तोही लग्नाच्या आदल्या दिवशी. नवरीची आई चारचौघांत वाट्टेल ते बोलली. त्या दिवसापासून सासूबाईंनी मशीनवर चादर टाकली.

महिन्याभराने मात्र त्या रोज दुपारी पावडर लावून बाहेर पडू लागल्या. विचारलं की म्हणायच्या, "जरा पाय मोकळे करून येते."

पाय मोकळे करायला तीन तास? सुनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एके दिवशी ती गुपचूप मागोमाग गेली, तर सासूबाई चक्क सिनेमा थिएटरात शिरल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"कोणाची वाट बघताय?" सुनेने मागून विचारलं.

सासूबाई दचकल्या. "कोणाची नाही गं. तोंडावर आपटलेली माणसं पुढे काय करतात, ते बघायला येते. चार सिनेमे झाले. सगळे आधी ज्याचं नुकसान केलं, त्याच्या दारात जातात. मला तेवढंच जमत नाहीये."

"चला, मी येते बरोबर."

नवरीच्या आईने दार अर्धंच उघडलं. सासूबाईंनी माफी मागितली. ती बाई आत गेली आणि एक उशी घेऊन आली.

"आधी हिचा अभ्रा शिवून दाखवा."

सासूबाईंनी उंबऱ्यातच टेप काढली आणि उशी तीनदा मोजली. तिन्ही वेळा त्या बाईने वाकून टेपवरचे आकडे स्वतः वाचले.