दीड सेकंदाचा पेरू

बाबांची बदली खेड्यातल्या सरकारी शाळेत झाली तेव्हा मी दहावीत होते. ते गणित शिकवत आणि फक्त शनिवारी घरी येत. नानाखेडा स्टँडवर बसमधून उतरून फ्रीगंजात आमच्या घराखाली पोचले, की जिना चढण्याआधी पिशवीतून एक जाम काढून वर गॅलरीत माझ्याकडे फेकत. जाम म्हणजे पेरू. उज्जैनची मराठी माणसंही जामच म्हणतात. आठवडाभर मी त्या जामाची वाट बघायची आणि तो हमखास सोडायची. वर येताना दिसला की झडप घालायची, बोटांवर आपटून तो थेट नालीत.

एका रविवारी बाबांनी वही ओढली. फेकण्याचा वेग सेकंदाला दहा मीटर. उंची म्हणजे वेळेची दहापट, वजा वेळेच्या वर्गाची पाचपट. गॅलरीचा कठडा त्यांच्या हातापासून पावणेचार मीटर वर. मी वर्गसमीकरण सोडवलं: अर्धा सेकंद आणि दीड सेकंद. शाळेत दोन उत्तरांतलं एक खोडायचं अंगवळणी पडलेलं. मी ऐटीत दीडवर काट मारली.

"काटलं कशाला?" बाबा म्हणाले. "दोन्ही सही आहेत. एक जातानाचं, एक वापस येतानाचं. जाताना त्याला अडवू नको, जाऊ दे. येईल की तुझ्याच हातात."

पुढच्या शनिवारी खरंच आला, इतका अलगद की मला उगाच रडू आलं.

मग जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं वारं सुटलं आणि मी पुण्याला नोकरीला निघाले. आई अडून बसली. बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला."

ते निवृत्त झाल्यावर आमच्या जागा बदलल्या. दिवाळीला मी घरी आले की जाम खालून फेकायची आणि बाबा गॅलरीत, अजिबात घाई न करता, तो परतताना झेलायचे.

एका दिवाळीला मी कामाचं निमित्त सांगून गेलेच नाही. "कोई बात नाही," बाबा फोनवर म्हणाले, "जाम संक्रांतीपर्यंत असतात." संक्रांतीआधीच बाबा गेले.

उज्जैनला पोचले तेव्हा पिशवीत जाम होता, सवयीनं घेतलेला. घराखाली उभी राहून तो वर फेकला. कठड्यापाशी एकदा दिसला, मग पुन्हा एकदा. दोन सेकंदांनी माझ्याच हातात परत आला. वर आई एकटी होती, आणि माझ्याच्यानं जिना चढवेना.