काट्याआधीचं पाणी

विमानात कुत्रा सामानातही टाकतात, हे मला चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे कळलं. मी कुत्र्याच्या तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला गेलो होतो. "पिशवीसकट वजन बसलं तर तुमच्या पायाशी. नाही बसलं तर खाली, विमानाच्या पोटात," ते सही करता करता म्हणाले.

मी बकऱ्यांचा व्यापारी. उंद्रीच्या बाजारात दोन बोकडांवर धंदा सुरू केला आणि भांडून, घासाघीस करून ट्रकापर्यंत नेला. बंद ट्रकाची ताडपत्री सकाळी सोडली की कधी कधी काय दिसतं, ते मी पाहिलेलं आहे. धडधाकट जनावर, अंगावर ओरखडा नाही, फक्त डोळे उघडे. अंधार, आवाज आणि एकटेपण, एवढ्यानंही त्याचं काळीज बंद पडतं. दाखला आणला त्या रात्रीपासून डोळा लागला की मला ताडपत्री दिसायची आणि तिच्याखाली आमचा पांढरा कुत्रा.

कुत्रा पोराचा. बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा "आठ दिवस सांभाळा" म्हणून ठेवून गेला, तो आमच्याकडेच म्हातारा झाला. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा या साहेबांना सुट्टी नव्हती. आम्हाला "या" असं कधी म्हटलं नाही. सासरी माझा धंदा सांगताना त्याची जीभ अडखळली, तेही मी विसरलेलो नाही. आता त्याच्या लेकीनं फोटोत कुत्रा पाहिला, हट्ट धरला, आणि लगेच तिकिटं आली.

"आपन कुत्र्याच्या संगतीनं जाऊन राह्यलो, ध्यानात ठेव," मी बायकोला म्हणालो.

"कोनाच्या का संगतीनं असो, नातीचं तोंड तं पाह्यले भेटते!"

कुत्रा जीव लावायचा तो बायकोला. मला भ्यायचा. मी फोनवर भाव तोडायला लागलो की तो पलंगाखाली जायचा, आणि बऱ्याचदा तिथली फरशी ओली व्हायची.

निघायच्या दिवशी मी त्याला पिशवीत घालून गोठ्यातल्या काट्यावर ठेवलं. केस कापून घेतले होते, रात्रीपासून पोटात काही नव्हतं. वजन बसलं, पण अगदी काठावर. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेवढंच. तरी संभाजीनगरपर्यंत गाडीत मी तो आकडा घोकत होतो. मागच्या सीटवर बायको त्याच्याशी कुजबुजत होती.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं कागद पाहिले, हसली, पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. आकडा वर गेला आणि तिथंच थांबला.

"काका, वजन जास्त आहे."

"तुमचा काटा मारते. म्या घरी मोजून आनलं."

तिनं पिशवी उचलून पुन्हा ठेवली. आकडा तोच.

"थोडं इकडंतिकडं चालते ना, बाई? पावशेर तं हाय."

"नाही चालत, काका. सिस्टिमच घेत नाही."

आयुष्यभर समोरच्याचे डोळे बघून मी ओळखलंय, किती खाली येईल. या मुलीच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. तिच्या हातात भाव नव्हताच. मी आतल्या कापडावरची चादर काढली, पट्टा काढला. आकडा हलला, पण पुरेसा नाही.

"मग खाली पाठवायचं का? त्याला पिंजरा लागेल," तिनं विचारलं.

तेवढ्यात बायकोनं माझी बाही ओढली. "अहो... जालन्याच्या पुढं म्या त्याले पानी पाजलं."

"काऊन?"

"काट्यावर चढवाचं व्हतं ना."

काट्याआधी जनावराला पोटभर पाणी, ही आमच्या धंद्याची रीत. घेणाराही तेवढं धरूनच भाव बोलतो. "काटा आला वं, पानी पाज!" असं घेणारा दारात आला की वर्षानुवर्षं मीच तिला अंगणातून ओरडत आलो होतो. तिच्या हातांनी तेवढं ऐकलं होतं.

मी तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते आठवत नाही. सगळी रांग वळली, एक शिपाई दोन पावलं पुढं आला. मला समोर फक्त ताडपत्री दिसत होती.

"काका, पिशवी ओली होतेय," मुलगी म्हणाली.

जाळीतून पाहिलं तर कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता. त्याची नजर माझ्यावर होती. बायको खाली बसली. ओलं कापड काढून तिनं कचऱ्यात टाकलं, पिशवी पदरानं पुसली, कोरडं कापड अंथरलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. पिशवी काट्यावर गेली. आकडा मर्यादेच्या खाली येऊन थांबला, आणि मुलीनं पिशवीला चिठ्ठी बांधली.

पुढं तपासणी. बायको बायकांच्या रांगेत गेली. "कुत्र्याला बाहेर काढून हातात घ्या, पिशवी मशीनमधून जाईल," तिथला जवान म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला उचललं नव्हतं. हात घातला तसा तो आणखी आत सरकला. हळूच काढला, छातीशी धरला. कापलेल्या केसांखाली किती लहान होता तो! ट्रकात चढवताना करडाचं धडधडतं तसंच त्याचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं.

"चावतो का, काका?"

मी मान हलवली. माझ्या आवाजानं त्याचं काळीज बंद पडेल, अशी भीती वाटून मी तोंड उघडलं नाही.

पलीकडे बायको वाट बघत होती. "काय झालं? बोला ना."

त्याला पिशवीत ठेवून चेन लावून होईपर्यंत मी बोललो नाही.