विश्रामच्या नावाची कमान

विश्राम गेल्याची बातमी मला ग्रामपंचायतीच्या कचेरीत कळली. सकाळचे अकरा वाजले असतील. ग्रामसेवकाने फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, आमदार गेले." विश्रामची आमदारकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात त्याला दुसरं नाव नव्हतं. मला रडू आलं नाही. मनात पहिलं आलं ते हे, की आता साहेब येणार... सगळ्यांत मोठा हार घेऊन येणार. आणि ते आलेच. माणूस गेला की वैर संपवावं म्हणतात. मी शाळेत मुलांना क्षमेचे धडे शिकवले, रविवारी चर्चमध्येही तेच ऐकते. पण हे क्षमा करण्यासाठी लिहीत नाही.

विश्राम आणि मी पहिलीपासून एका वर्गात. मसुऱ्याच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून आमचं गाव. भाताची शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बंधारा. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे भात उगवत नाही. आम्ही चौथीत असताना तो फुटला. विश्रामच्या घरची सगळी शेती खारवली, त्याचे वडील गोव्याला बोटीवर कामाला गेले. त्या वर्षी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं अर्धं घावन तो खायचा आणि म्हणायचा, "फिलू, मी मोठो झालंय काय दगडाचो बंधारो बांधतलंय." सगळीच मुलं असं काहीबाही बोलतात. हा ते विसरला नाही, एवढंच.

तो सरपंच झाला, मग आमदार. खाडीतून रेती निघायची, आमच्याच रस्त्यावरून डंपर जायचे, रस्ता खचायचा, रेतीचं स्वामित्वधन सरकारात जमा व्हायचं, आणि बंधाऱ्यासाठी गेलं की उत्तर मिळायचं, निधी नाही. विश्रामचं म्हणणं सरळ होतं. ज्या गावची रेती, त्या गावच्या पंचायतीला तिचा वाटा आधी द्या. मुंबईला अधिवेशनाला जाण्याआधी तो आमच्या पडवीत बसून भाषण वाचून दाखवायचा आणि मी त्याचं मराठी सुधारायची. 'खंय' नको, 'कुठे' म्हण. 'आमका' नको, 'आम्हाला'. तो हसून म्हणायचा, "बाई, ह्या वयात तरी माका पास कर गो."

बंधाऱ्याचं काम एकदाचं मंजूर झालं. गावात पेढे वाटले. आणि काही महिन्यांत तो निधी दुसरीकडच्या किनाऱ्याच्या सुशोभीकरणाला वळवला गेला. वळवणारे होते साहेब. अख्खा तालुका त्यांना साहेबच म्हणतो, मीही तेवढंच लिहिते. विश्रामच्याच पक्षाचे मंत्री, सभागृहात त्याच्याच बाजूला बसणारे. विश्रामने स्वतःच्या सरकारला उभं राहून विचारलं, आणि रागाच्या भरात माझी सगळी शिकवणी वाया गेली. "पैसे खंय गेले?" तो म्हणाला. सभागृहात हशा पिकला. विश्राम थांबला, मग म्हणाला, "हसा. पण पैसे खंय गेले, ते सांगा." साहेब मधेच उठून बाहेर निघून गेले. पुढच्या निवडणुकीत विश्रामचं तिकीट कापलं गेलं.

तो कधी त्यांच्याविरुद्ध बोलला नाही. मी भडकायची. "तेका सोडूचो नाय, विश्राम." तो म्हणायचा, "माका बंधारो होयो, फिलू. तेची मान घेवन काय करू?" त्याची ही भलाई मला कधी पटली नाही... अजूनही पटत नाही.

यंदाच्या उधाणात बंधारा पुन्हा फुटला. भर दुपारी विश्राम साठी उलटलेल्या वयात कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि भरती ओसरेपर्यंत मातीची पोती हातोहात पुढे देत राहिला. त्याची बायको सुलभा काठावरून हाका मारून दमली. आठव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, बंधारा.

शाळेत शोकसभा झाली. साहेब रडले. खरंच रडले, रुमाल ओला झाला. मग त्यांनी जाहीर केलं की गावाच्या वेशीवर विश्रामच्या नावाची भव्य कमान उभी राहील. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेली सुलभा फक्त माझ्या कानात म्हणाली, "माका कमान नको गो." मी तिचा हात दाबला. कमानीला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो, आणि सरपंच मी आहे.

मी विषय ग्रामसभेपुढे ठेवला आणि साहेबांना सन्मानाने निमंत्रण धाडलं. ते पत्रकार घेऊनच आले. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची दिली, नारळ दिला. मग मी म्हटलं, "ज्याच्या नावाने कमान आहे त्याचे विचार आधी ऐकू या," आणि विश्रामच्या सभागृहातल्या त्या भाषणाची, कामकाजाच्या नोंदीतली छापील प्रत काढली. पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मधेच वीज गेली, पंखे थांबले. वीज मी घालवली नव्हती, पण वाचन थांबवलंही नाही. सभागृहातून उठून जाता आलं, इथे दारात गाव उभा होता आणि समोर कॅमेरे. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी एकेक वाक्य सावकाश वाचत होते, शुद्धलेखन सांगावं तसं. मला आनंद होत होता. तो लपवत नाही.

"पैसे खंय गेले?" हे मी वाचलं, आणि मागून एका म्हातारीने तेच विचारलं, "सांगा मां सायबानूं, खंय गेले?" मग सगळेच विचारू लागले. साहेब उठले, म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाच्या नावावर राजकारण करू नका."

"कमान कोणी आणली, साहेब?" मी विचारलं.

ते चहा न घेता गेले. दगडी बंधारा होईपर्यंत गावात विश्रामच्या नावाने काहीही उभं राहणार नाही, असा ठराव झाला. एकही हात खाली नव्हता. पंधरा दिवसांनी मोजणीची माणसं बंधाऱ्यावर येऊन गेली. बांधतील की नाही, देव जाणे.

बंधाऱ्याला पाणी सोडायची एक जुनी उघाडी आहे. तिच्या दगडी खांबावर विश्राम दर उधाणाला पाणी कुठवर चढलं त्याची खूण करायचा आणि शेजारी वर्ष लिहायचा. सरपंच असताना, आमदार असताना, तिकीट कापल्यावरही. परवा सुलभा आणि मी तिथे गेलो. यंदाची खूण करायची राहिली होती. मी रेघ ओढली, वर्ष लिहिलं आणि त्याखाली साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं.

"ह्या कित्याक गो?" सुलभाने विचारलं.

"पाणी कोणामुळे चढलां, ता कळाक होया."

तिने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "हे असते तर तेंनी खरवडून काढल्यांनी असता."

ते खरं आहे. म्हणूनच मी होडीला लावतात तो रंग नेला होता. खाऱ्या पाण्याने तो जात नाही.