बंपर मीच रंगवला

मिस्टर गेल्यावर चार महिन्यांनी धाकटे दीर गाडीला गिऱ्हाईक घेऊन आले. मिस्टर सिलतऱ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे गाडी वर्षानुवर्षं तिथल्या उन्हात आणि काजळीत उभी राहिलेली. पत्रा अजून धड होता, पण बंपर आणि दारांखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या पार पांढुरक्या पडल्या होत्या. गिऱ्हाइकानं त्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता दिरांना सांगितलं की गाडीत आता काही राहिलं नाही. मी दारातूनच म्हटलं, गाडी विकायची नाही.

"वहिनी, तुमच्याच्यानं कुठं सांभाळणं होते आता?" दीर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. रविवारी काळ्या स्प्रेचे डबे आणून पट्ट्या आणि बंपर रंगवला. इतका छान दिसला की दोनदा अंगणात जाऊन बघून आले. आठवड्यानं गाडी धुतली, तर रंग सायीसारखा सुटून हातात आला. मुलगी म्हणाली, "मम्मी, छोड़ दो ना." मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

भनपुरीच्या रंगवाल्यानं विचारलं, आधी त्यावर काय लावत होता? मिस्टर दर रविवारी चकाकीसाठी पॉलिश चोळायचे. तो म्हणाला, तेच मुरलंय. ते पुरतं निघाल्याशिवाय कुठलाच रंग धरणार नाही.

म्हणजे त्यांचे सगळे रविवार मलाच घासून काढायचे होते. आधी साबण, मग दुकानातलं क्लीनर, मग पाण्यात भिजवलेला बारीक रेगमाल, तो घासायचा कागद. दोन दिवस फडकं काळं होत राहिलं. मध्येच हात थांबला. मनात त्यांना म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, पण आता गाडी मला चालवायची आहे. मग कडेनं कागद चिकटवले, प्लास्टिकचा प्रायमर मारला आणि रंगाचे पातळ हात दिले, एक वाळल्यावर दुसरा.

लायसन्स मिळाल्यावर एकटीच गाडी घेऊन शंकर नगरला दिरांकडे गेले. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, नखानं बंपर खरवडून पाहिला. रंग हलला नाही. मग मागच्या चाकापाशी वाकून म्हणाले, "इथं ओघळ आला आहे."

"हव," मी म्हटलं. "मले दिसला होता. राहू देला."

त्यांनी चहाला आत बोलावलं. मी म्हटलं, गाडी आधी सावलीत लावते, आणि त्यांना फाटकातून जरा बाजूला व्हायला सांगितलं.